आवाज कुठून येतो?



कीर्तनाची सेवा थांबवली त्याला आता दोन वर्षे होतील. भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "महाराज, आता दिवस कसा जातो?" हरिपाठ, ज्ञानेश्वरीचे वाचन, नातवंडे असे मी सांगतो, आणि ते खरेच आहे. पण त्यात एक गोष्ट सांगायची राहते, ती आज तुम्हाला सांगतो. मी लोकांच्या सायकली ऐकतो.

हसू नका. आमच्या पंचवटीत, हनुमानवाडीच्या बाजूला, संध्याकाळी ओट्यावर बसलो की कोणी ना कोणी सायकल घेऊन येतो. "बुवा, काहीतरी कुरकुरतंय, बघा ना." मी बघत नाही, ऐकतो. समोरच्या रस्त्यावर त्याला दोन चकरा मारायला लावतो आणि डोळे मिटून बसतो. हातात पान्हा धरायची ताकद आता राहिली नाही, पण आवाज कुठला ते सांगता येते. निदान असे मला परवापर्यंत वाटत होते. ते का वाटेनासे झाले, तीच आजची गोष्ट.

आधी ही विद्या कुठून आली ते सांगतो. आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकून मी नाशिकला परतलो आणि १९७४ साली नव्वद रुपयांना एक जुनी काळी सायकल घेतली. मखमलाबाद, मातोरी, गिरणारे, दिंडोरी, जिथे बोलावणे येईल तिथे सायकलीवर जायचे. कॅरिअरला अंगरखा, उपरणे आणि फेट्याची पिशवी बांधलेली. कीर्तन नऊला उभे राहायचे, अकराला संपायचे, मग जेवण, मग लोकांशी बोलणे. परत निघायला रात्रीचा एक वाजे. रस्त्यावर दिवा नाही, माणूस नाही. डायनॅमोचा उजेड चाक फिरेल तेवढाच. अशा वेळी चेन तुटली किंवा कॉटर पिन निसटली तर सकाळपर्यंत सायकल हाताने ढकलण्याशिवाय गत्यंतर नसे. दोनदा तसे झालेही. तेव्हापासून सायकल काय बोलते तिकडे माझे लक्ष असे.

रविवार कारंजाजवळ एक म्हातारे सायकल मिस्त्री बसत. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण त्यांच्यासारखा कान मी मोठमोठ्या गवयांपाशीही पाहिला नाही. कोणी सायकल आणली की ते हत्याराला हात लावत नसत. आधी तीन प्रश्न विचारत. ते तीन प्रश्न मी पन्नास वर्षे जपले आहेत. तुमच्यापैकी पुष्कळ जण अजून शेतावर, गिरणीवर, देवळात सायकलीने जात असतील, म्हणून ते इथे नीट लिहून ठेवतो.

पहिला प्रश्न : पायडल मारताना आवाज येतो, की पाय थांबवून सायकल नुसती सोडली तरी येतो? नुसती सोडल्यावरही येत असेल तर दोष चाकात, ब्रेकमध्ये किंवा मडगार्डात. पायडल मारतानाच येत असेल तर पायडल, कॉटर, मधला एक्सल आणि त्याचे छर्रे, चेन यांकडे जायचे. फ्रीव्हीलचे उलटे असते. पाय थांबवले की आतले कुत्रे दातांवरून टिकटिकत जातात. ती टिकटिक म्हणजे दोष नव्हे. ती एकदम बंद झाली किंवा अडखळू लागली तरच काळजी करायची.

दुसरा प्रश्न : आवाज किती वेळाने येतो? इथे आपण कीर्तनकार मंडळी हुशार, कारण मात्रा मोजणे आपल्या अंगवळणी पडलेले असते. पायडलच्या एका फेरीला एकदा आवाज येत असेल तर दोष पायडल आणि कॉटरच्या आसपास. साध्या सायकलीचे पुढचे चक्र सहसा चव्वेचाळीस किंवा अठ्ठेचाळीस दात्यांचे आणि मागचे अठरा दात्यांचे. म्हणजे पायडल एकदा फिरले की मागचे चाक अडीच-पावणेतीन वेळा फिरते. आवाज त्या लयीत येत असेल तर दोष चाकात : रिम आऊट झालेली, एखादी तार ढिली पडलेली, नाहीतर ब्रेकचे रबर एका जागी घासणारे. आणि पायडलच्या सव्वादोन-अडीच फेऱ्यांनी एकदा कट् होत असेल तर चेनीची एखादी कडी आखडलेली आहे असे समजावे, कारण पूर्ण चेन एकदा फिरायला तेवढ्या फेऱ्या लागतात. मिस्त्रींना गणित येत नव्हते. पण त्यांचे बोट मांडीवर लय धरून असे आणि निदान चुकत नसे.

तिसरा प्रश्न : सीटवरून उठून, उभे राहून पायडल मारल्यावर आवाज जातो का? गेला, तर दोष खाली नाहीच. तो सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा सीटच्या दांड्यात. हा प्रश्न पुष्कळ जण विसरतात आणि पैसे खर्च करून बसतात.

एवढे सांगून मिस्त्री एक वाक्य नेहमी जोडत. ते म्हणत, "महाराज, सायकलीचा सांगाडा पोकळ लोखंडाचा. आवाज त्यातून पळतो. जिथं ऐकू येतो तिथंच बिघाड असतो असं नाय. म्हणून एका येळी एकच गोष्ट बदलायची. आणि बदलूनबी आवाज राहिला तर समजायचं, आपण चुकीच्या जागी हात घातला." मी तेव्हा तरुण होतो, नुकताच शिकून आलेला. मनात म्हटले, दृष्टांत छान आहे. आणि पुढच्याच आठवड्यात तो कीर्तनात सांगून टाळ्याही मिळवल्या. दृष्टांत सांगणे किती सोपे असते!

आता या वर्षीची गोष्ट.

आपले नाशिक सायकलींचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले आहे, हे तुम्ही ऐकले असेल. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत सायकलीने पार केली. २०१७ साली इथे नेमणुकीस असलेले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. पण आम्हा वारकऱ्यांच्या घरात जास्त चर्चा होते ती नाशिक ते पंढरपूर सायकल वारीची. २०१२ पासून इथली मंडळी आषाढीआधी सायकलीवर पंढरपूरला जातात. माझा नातू यंदा पहिल्यांदाच निघाला.

आमच्यातली काही जुनी माणसे यावर नाक मुरडतात. वारी पायी करायची असते, असे त्यांचे म्हणणे. मी स्वतः संत निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून तीसेक वर्षे पायी गेलो आहे. सातपूर, नाशिक, मग सिन्नरच्या बाजूने नगर, करमाळा असे करत पंढरपूर. त्या चालण्याची बरोबरी कशालाच नाही, हे मीही म्हणतो. पण ज्या पोराला कंपनीतून चार दिवसांची रजा मिळते, तो त्या चार दिवसांत गोव्याला न जाता पंढरपूरला जातो, यात मला तरी नाक मुरडण्यासारखे काही दिसत नाही.

तर नातवाच्या सायकलीतून आवाज येऊ लागला. उजवा पाय खाली गेला की कट्. पुन्हा उजवा पाय खाली, पुन्हा कट्. सराव वाढला तसा आवाजही वाढला. त्याने दुकानात दाखवली. तिथे म्हणाले, मधला एक्सल गेला. नवा टाकला, हजाराच्या वर पैसे गेले. आवाज तसाच. मग म्हणाले, पायडल बदला. पायडल बदलले. आवाज तसाच. वारीला नऊ दिवस उरले होते. आमच्या सूनबाईंनी जाहीर केले की असल्या सायकलीवर साडेतीनशे किलोमीटर जायचे नाही, मधेच रस्त्यात काही तुटले आणि मागून ट्रक आला तर? त्यांचे चुकत नव्हते. सांगाड्याला तडा गेला असेल तरी असाच आवाज येतो, आणि तडा गेलेली सायकल वेगात असताना दगा देते. म्हणून आधी मी नातवाला सगळे जोड ओल्या फडक्याने पुसून उजेडात नीट पाहायला लावले. तडा कुठे नव्हता.

मग मी ओट्यावर बसलो आणि त्याला चकरा मारायला लावल्या. पाय थांबव. आवाज थांबला. पुन्हा मार. आला, फेरीला एकदा. इथपर्यंत दुकानवाल्याचे निदान बरोबर होते. मग म्हटले, "आता सीटवरून ऊठ आणि उभा राहून मार."

आवाज गेला.

मी म्हटले, "सीटचा दांडा काढ." त्याने काढला. दांडा कोरडा ठक्क, आणि आत बारीक वाळू गेलेली. उजवा पाय खाली जाताना शरीराचे वजन थोडे सरकते, दांडा केसभर हलतो, वाळू करकरते, आणि तो आवाज सांगाड्यातून पळत खाली जाऊन पायाशी ऐकू येतो. दांडा पुसला, आतली जागा पुसली, बोटभर ग्रीस लावले, पुन्हा घट्ट बसवले. खर्च शून्य. नातवाने चक्कर मारली आणि लांबूनच ओरडला, "आजोबा, गेला!"

माऊली, तुमच्यापासून लपवत नाही, मला गर्व झाला. शेजारचे दोघे-तिघे बघत होते. मी उपरणे सावरून बसलो आणि मिस्त्रींचा दृष्टांत त्यांना सांगायला सुरुवात केली. जिथे ऐकू येते तिथेच बिघाड असतो असे नाही, वगैरे वगैरे. तेवढ्यात नातू सायकल घेऊन जवळ आला आणि म्हणाला, "आजोबा, कट् गेला. पण ती चीं-चीं कशाची?"

मी म्हटले, "कोणती चीं-चीं?"

"ही काय, सारखी येते आहे." त्याने मागचे चाक उचलून हाताने पायडल फिरवले.

मला काही ऐकू आले नाही. चेन फिरल्याची खसखस तेवढी ऐकू येत होती. मी म्हटले, "काही नाही रे, तुझा भास." शेजारी म्हणाले, "नाही बुवा, येतेय की." सूनबाई आतून म्हणाल्या, "चांगली स्वयंपाकघरात ऐकू येते आहे." मी सायकलीजवळ कान नेला. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "अहो, किती मोठ्याने येते आहे ती."

नातवानेच शोधले. मागे गिअर बदलणाऱ्या खटक्यात चेन ताणून धरणारी दोन लहान दातेरी चाके असतात, त्यातले एक कोरडे पडले होते. तेलाचा एक थेंब सोडला. सगळे म्हणाले, गेली. माझ्यासाठी ती आलीही नव्हती आणि गेलीही नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सायकलीचे नव्हते. अंधारात पडल्यापडल्या चार वर्षांपूर्वीची एक रात्र डोळ्यांसमोर येत राहिली.

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात सप्ताह होता. सहाव्या दिवसाची सेवा माझी. मृदंगाला आमचे अण्णा. त्यांचे नाव इथे घेत नाही, त्यांना आवडणार नाही. बावीस वर्षे ते माझ्या साथीला होते. मी कुठे थांबणार, कुठे उचलणार, हे माझ्या श्वासावरून त्यांना कळायचे. त्या रात्री मी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय हाताशी घेतला होता. ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी पहिले लक्षण सांगितले ते अमानित्व, आणि माऊलींनी त्याचा केवढा विस्तार केला आहे. मी त्यावर बोलत होतो. माणसाने मान मागू नये, मीपण सोडावे, असे तासभर तळमळीने सांगितले. मग भजनाला चाल धरली आणि मला मृदंग उतरल्यासारखा वाटला. धूम ऐकू येत होती, पण शाईचा बोल दबलेला, चाटेची धार नाही. टाळही बोथट. मी खूण केली. अण्णांनी वादी ठोकून मृदंग चढवला. मला तरीही तसाच वाटला. पुन्हा खूण केली, त्यांनी पुन्हा चढवला. तिसऱ्यांदा मी भजन थांबवले आणि हजारभर माणसांसमोर, नारदाच्या गादीवरून म्हणालो, "अण्णा, हात थकला असेल तर तरुणाला बसवा. देवाच्या दारात झोपेत वाजवू नये."

लोक हसले. अण्णांनी मान खाली घालून सेवा पूर्ण केली. कीर्तन संपल्यावर मृदंगाला खोळ घातली, माझ्या पाया पडले आणि गेले. पुन्हा माझ्या साथीला आले नाहीत. मीही बोलावले नाही.

त्यांच्या जागी एक तरुण मृदंगमणी आला. त्याचाही मृदंग मला दबलेला वाटे. त्याला दोन-तीनदा बोललो, तोही सोडून गेला. मग तिसरा आला. त्याचेही तसेच. मी घरी म्हणायचो, हल्लीच्या पोरांना हात नाही, हल्लीच्या मृदंगांना शाई नाही, टाळांच्या धातूत भेसळ आहे. पुढे दमाने साथ सोडली आणि मी सेवा थांबवली, तेव्हाही मनात हेच होते की बरे झाले, आता ऐकण्यासारखी साथच उरली नाही.

माऊली, मिस्त्रींचे वाक्य मी पन्नास वर्षे लोकांना सांगितले. बदलूनही आवाज राहिला तर समजावे की आपण चुकीच्या जागी हात घातला. मी तीन मृदंगमणी बदलले, आवाज तोच राहिला. नातवाच्या दुकानवाल्याला मी मनात हसलो होतो, एक्सल बदलला, पायडल बदलले, पण उभे राहून पाहायचे सुचले नाही म्हणून. त्याने निदान लोखंड बदलले होते. मी माणसे बदलली.

सकाळी उठून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका बंद खोलीत बसवून कानावर टोप लावला आणि एकेक स्वर ऐकवला, खालपासून वरपर्यंत. ऐकू आले की बटण दाबायचे. खालचे स्वर मी भराभर दाबले. मग बराच वेळ शांतता. मला वाटले, तपासणी संपली. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. रेघ डावीकडे सरळ चालली होती आणि उजवीकडे घाट उतरावा तशी खाली आली होती. त्या शांततेत वरचे स्वर वाजत होते, मला ते कळले नव्हते. डॉक्टर म्हणाले, वय झाले की कानाच्या आतल्या बारीक पेशी झिजतात आणि आधी वरचे स्वर जातात. माणसाला वाटते आपल्याला सगळे ऐकू येते, कारण आवाज येतच असतो, फक्त त्याची धार गेलेली असते. जन्मभर मोठ्या आवाजात बसणाऱ्यांचे हे लवकर होते. मी विचारले, "टाळाच्या?" ते म्हणाले, "टाळाच्यासुद्धा." चाळीस वर्षे माझ्या पाठीशी दोन्ही बाजूंना टाळकरी उभे होते.

डॉक्टरांनी कानात घालायचे यंत्र सांगितले. ते आणायचे ठरले. पण मला आधी दुसरीकडे जायचे होते.

अण्णा मखमलाबादला राहतात, मळ्यात. आमच्या घरापासून फार लांब नाही. नातू म्हणाला, मोटरसायकलवर सोडतो. मी नको म्हटले. माझी जुनी सायकल अजून आहे. तिच्या चाकात हवा भरून घेतली आणि सकाळी सातला एकटाच निघालो. चढ आला की उतरून चालायचो. मडगार्डाचा स्टे ढिला होता, तो वाटभर खडखडत होता. तो मात्र स्पष्ट ऐकू येत होता.

अण्णा द्राक्षांच्या बागेच्या कडेला खाटेवर बसले होते. मला पाहून उठले. वारकऱ्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे, भेटताच एकमेकांच्या पाया पडायचे. ते वाकले तसा मीही वाकलो, पण मी लवकर उठलो नाही. त्यांनी दंडाला धरून उठवले. मी सगळे सांगितले. सायकल, चीं-चीं, डॉक्टर, कागदावरची रेघ. म्हटले, "अण्णा, त्या रात्री मृदंग उतरला नव्हता. माझा कान उतरला होता."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटले होते, ते म्हणतील, जाऊ द्या महाराज, झाले गेले. कीर्तनात आपण अशा गोष्टी सांगतो तेव्हा समोरचा असेच म्हणतो. अण्णा तसे म्हणाले नाहीत. म्हणाले, "महाराज, मला ठाऊक होतं. त्याच्या आधी दोन वर्षं मी तुमच्यासाठी चाट जास्त मोठी मारत होतो. मंडळी मला म्हणायची, अण्णा किती कडक वाजवतोस. पण तुम्हाला ऐकू यायला पाहिजे म्हणून मारायचो."

मी म्हटले, "मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही ऐकलं असतं का?"

माऊली, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते पुढे म्हणाले, "त्या रात्री लोक हसले, ते अजून कानात आहे. गावात पोरांनी वर्षभर चेष्टा केली. झोपेत वाजवणारे अण्णा म्हणायचे. मी मृदंग पोराला देऊन टाकला." एवढे बोलून त्यांनी सूनबाईंना चहा टाकायला सांगितला.

चहा झाला. मी म्हटले, "ज्या गावात बोललो त्या गावात जाऊन हे सांगेन. एकांतात माफी मागून भागणार नाही." ते म्हणाले, "तुमची इच्छा." मी पुढच्या एकादशीला त्या गावच्या देवळात गेलो, भजनाला जमलेल्या मंडळींसमोर उभा राहिलो आणि जे लिहिले तेच सांगितले. हजार माणसे नव्हती, चाळीसेक होती. म्हणून हे इथे लिहितो आहे. त्या सप्ताहाला बसलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याने एवढे लक्षात ठेवावे की अण्णांचा मृदंग त्या रात्री सुरातच होता.

आता थोडे विचाराचे. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवण, दुसरी कीर्तन. हा क्रम मी शेकडो वेळा सांगितला. श्रवण म्हणजे संतांचे वचन ऐकणे, हरिकथा ऐकणे, एवढाच अर्थ मी सांगत आलो. आज वाटते, जो उभा राहून बोलतो त्याच्या बाबतीत या क्रमाला आणखी एक अर्थ असावा. त्याने आधी साथीच्या माणसाचे ऐकले पाहिजे. टाळ धरणाऱ्याचे, मृदंगावर बसलेल्याचे, घरी असेल तर बायकोचे. मी दुसऱ्या भक्तीत इतका रमलो की पहिली सुटली हे मला कळलेच नाही. कान झिजले हा वयाचा भाग आहे, त्याचा दोष मला कोणी देणार नाही. पण झिजलेल्या कानावर एवढा विश्वास ठेवून दुसऱ्याला खाली पाहायला लावले, तो दोष वयाचा नव्हता.

याचा अर्थ असा घेऊ नका की बिघाड नेहमी आपलाच असतो. तेही खरे नाही. कधी मृदंग खरेच उतरतो, कधी एक्सल खरेच जातो. मिस्त्री म्हणत त्याप्रमाणे, तपासून पाहायचे. एका वेळी एक गोष्ट. फक्त तपासायच्या गोष्टींच्या यादीत स्वतःलाही धरायचे, आणि जमल्यास पहिल्या काही नावांत धरायचे, कारण त्याला खर्च लागत नाही. सीटवरून उठून पाहायला काय लागते? मला मात्र गादीवरून उठायला चार वर्षे लागली.

कानातले यंत्र आले आहे. पहिल्या दिवशी पहाटे काकड्याला गेलो, तर टाळ वाजून थांबल्यावर मागे जी बारीक लहर राहते ती ऐकू आली. ती जगातून गेली आहे असे मी धरून चाललो होतो. काही वेळ मला भजन म्हणता आले नाही.

नातू वारीला निघाला त्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णा आमच्याकडे आले. मी बोलावले नव्हते. मळ्यातली द्राक्षे कधीच संपली होती, म्हणून घरचे बेदाणे घेऊन आले. नातवाने सायकल फिरवली. अण्णा एका बाजूला बसले, मी दुसऱ्या बाजूला. खालचा खडखडाट मी ऐकायचा, वरची चीं-चीं त्यांनी. दोघांनी मान हलवली, तेव्हाच सूनबाईंनी पोराच्या हातावर दही ठेवले.

अण्णा पुन्हा मृदंगावर बसतील की नाही ते मी विचारलेले नाही. विचारायचा अधिकार मी घालवला आहे. त्यांचे त्यांना वाटले तर ते सांगतील, आणि तेव्हा मी ऐकेन.

यंदा दिंडीत चालताना शेजारच्याचा टाळ तुम्हाला चुकतो आहे असे वाटले, तर माऊली, त्याच्याकडे वळून पाहण्याआधी चार पावले गप्प चाला आणि आपला टाळ ऐका. मग काय ते बोला.

रामकृष्ण हरी.